सात जणांचं धुणं

सेखोबे खाणीतून कायमचा घरी आला, आणि महिन्याभरात त्याची बायको जोहान्सबर्गला कामाला निघाली. बावीस वर्षं तो सरहद्दीपलीकडे जमिनीच्या पोटात आणि ती इकडे लेबेसाच्या वाडीवर, असा संसार झाला होता. खाणीनं माणसं कमी केली तशी पगार आणायची पाळी तिच्यावर आली. कुणा वकिलाच्या घरी स्वयंपाक, झाडलोट आणि धुणं.

थोरली मुलगी पुलेंग, म्हणून गाव त्याच्या बायकोला मापुलेंग, म्हणजे पुलेंगची आई, म्हणायचं आणि त्याला रापुलेंग. जायच्या आदल्या दिवशी मापुलेंगनं त्याला ओढ्यावर नेलं. तो काठावरच्या खडकावर बसून बघत राहिला.

"नुसतं बघून यायचं नाही हे," ती म्हणाली. "बाह्या वर करा."

घरात माणसं सात. तो, त्याची म्हातारी आई, तीन मुलं आणि वारलेल्या भावाची दोन. शाळेचे पांढरे शर्ट पाच, पोरागणिक एकच. ते गुरुवारी संध्याकाळी धुवून चुलीमागे वाळत घालायचे, नाहीतर शुक्रवारी मास्तर मळकी कॉलर बघून पोराला घरी पाठवत. बाकी सगळा ढीग शनिवारी.

पहिल्या हिवाळ्यात त्यानं आईचं लोकरीचं ब्लँकेट उकळत्या पाण्यात घातलं. ते आटून एवढंसं झालं. म्हातारीनं ते खांद्यावर घेऊन बघितलं आणि म्हणाली, "ठेव. पणतू झाला की त्याला होईल."

ओढ्यावर बायकांना तर करमणूकच झाली. शेजारची माटुमेलो त्याला बघितलं की हात थांबवायची. "रापुलेंग, इतकी वर्षं सोनं खणलंत, आता कॉलरीतला मळ खणा."

"सोनं सोपं होतं बाई," तो म्हणायचा. "ते घासावं लागत नव्हतं."

त्या हसायच्या, पण हिरवा साबण कॉलरीवर आधी कोरडाच घासायचा, हे त्यांनीच त्याला सांगितलं. जूनमध्ये, तिकडच्या ऐन थंडीत, ओढ्याच्या काठाला बर्फ धरायचं. बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, तो त्यात व्हॅसलीन भरायचा. वर्षभरात त्याचे शर्ट माटुमेलोच्या पोरांपेक्षा पांढरे दिसायला लागले. तिनं ते बोलून दाखवलं नाही, पण सगळ्या पाणवठ्याला दिसत होतं.

दर रविवारी मापुलेंगचा फोन यायचा. मुलं बरी आहेत, एवढ्यावर तिचं भागत नसे. "पुलेंगच्या स्कर्टची दुमड सोडलीत का? किती बोटं?"

"दोन."

"दोन बोटं वाढली," ती म्हणायची. तिच्या मागे धुण्याचं मशीन घरघरत असायचं. तिथं तिला ओल्या कपड्यांत हात घालावा लागत नव्हता. दुसऱ्यांच्या मुलांचे कपडे आत टाकायचे आणि वाळलेले काढायचे.

ईस्टरला ती येणार होती. मालकीणबाईंकडे पाहुणे आले आणि ते राहिलं. सेखोबेनं त्या आठवड्यात सगळ्या गोधड्या धुवून ठेवल्या होत्या. धाकटा त्लाली रोज संध्याकाळी रस्त्यावर जाऊन टॅक्सी बघून यायचा. चौथ्या दिवशी तोही जायचा थांबला.

ती आली डिसेंबरात, दहा दिवसांसाठी. दुसऱ्याच दिवशी उजाडताना सेखोबे उठला, तर ती अंगणात ढीग उपसत बसलेली. तो दारातच थांबला. एकेक कपडा उचलून ती बाजूला ठेवत होती. हा सासूबाईंचा, हा पुलेंगचा. मग एक निळा शर्ट हातात धरून ती तशीच राहिली. उलटा केला, बाही मापली.

"हा कुणाचा?"

"त्लालीचा."

"एवढा?"

तेवढ्यात त्लालीच आतून ओरडला, "बाबा, माझी चड्डी कुठं आहे?" तिनं मान वर केली नाही. पूर्वी अंधारातसुद्धा नुसत्या हातानं ती सांगायची कुठलं कापड कुणाचं. सेखोबेला वाटलं, आपण काहीतरी तिचं घेऊन बसलोय आणि परत द्यायचं तर कसं द्यायचं ते ठाऊक नाही.

"चल," तो म्हणाला, "ब्लँकेट तरी दोघं मिळून पिळू. एकटा असलो की मी दुसरं टोक झाडाला बांधतो."

"झाडाला?" ती हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

ओढा भरून वाहत होता. त्यानं एक टोक धरलं, तिनं दुसरं, आणि दोघांनी उलट बाजूंनी पीळ दिला. पाणी दोघांच्या पायांवर पडलं. तिचा जोर त्याच्याहून जास्त होता. दहा दिवस रोज तिनं काही ना काही धुवायला काढलं, धुतलेलं परत धुतलं, आणि कुणी तिला अडवलं नाही. मग ती गेली.

अशी सहा वर्षं गेली. वकिलाचं कुटुंब परदेशी निघालं आणि ती घरी आली ती कायमची. तोवर म्हातारी गेली होती. पुलेंग लग्न होऊन माफेतेंगला, मधला आणि भावाची पोरं मासेरूला कापडगिरणीत, त्लालीही नुकताच त्यांच्यामागे गेलेला.

पहिल्या शनिवारी दोघं ओढ्यावर आले. दोघांचे कपडे एका बादलीत मावले. मापुलेंगनं तळापर्यंत हात घातला, कापड चाचपलं आणि विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

ऊन नीट वर यायच्या आत ते धुऊन झुडपांवर पडलं. घरी जाऊन करायचं काही नव्हतं. दोघं खडकावर बसले.

"त्लालीनं पहिला शर्ट फाडला तो कसा?" तिनं विचारलं.

"मेंढ्यांच्या वाड्याच्या कुंपणावर. पोटापासून काखेपर्यंत."

"मग?"

तो सांगत गेला. कोण कधी चिखलात पडलं, कुणाच्या खिशात बेडूक सापडला, पुलेंगनं पहिल्यांदा आपला एक कपडा बाजूला काढून "हा मी धुईन" म्हटलं तो दिवस. मापुलेंग मध्येमध्ये विचारत होती, कुठला शर्ट, कुठलं वर्ष, मी तेव्हा कुठल्या महिन्यात आले होते. कपडे केव्हाच वाळले होते. ती उठली, त्यातला एक त्याचा सदरा काढून घडी घातली, आणि परत येऊन बसली.

"हं," ती म्हणाली, "त्याच्या पुढचं वर्ष."