धूसर फोटोतला पिवळा ठिपका

हॅमिल्टनच्या तळ्याकाठी आमची चार वर्षांची लेक अचानक दिसेनाशी झाली. बाकाशेजारी एक गोरे आजोबा नव्या, दोन लेन्सच्या फोनने बायकोचे फोटो काढत होते. प्रत्येक फोटोआधी शर्टाच्या टोकाने लेन्स पुसत. मी रडकुंडीला येऊन पिवळ्या फ्रॉकबद्दल विचारलं. त्यांनी शेवटचा फोटो उघडला. आजी स्पष्ट, मागचं सगळं धूसर, त्यात एक पिवळा ठिपका. आजोबांनी फोनने आपोआप केलेला ब्लर काढून झूम केलं. आमचीच पोरगी, बदकांमागे झाडीकडे निघालेली!

मी धावले. झुडपाआडून आवाज आला, "आई, लुक, डक्स!"

तिला कडेवर घेऊन परतले, तेव्हा आजोबा आजींकडे बघत म्हणाले, "स्वीट ॲज! झकास! मला हिच्याशिवाय काही दिसत नाही. आज ते महागात पडलं असतं."

आजी लाजल्या. मी हसले आणि हसता हसता लेकीला कवटाळून रडले.