नझीरभाई कानानं चित्र लावतात

दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. न्यायला कुणी न आलेले रिमोट आणि किस्से. रिमोट आम्ही दिवाळीच्या साफसफाईत भंगारात देतो. किस्से भंगारवालाही घेत नाही, म्हणून तुम्हाला ऐकवतो.

पेणला आमचं टीव्हीचं दुकान आहे. माझे भागीदार नझीरभाई. वीस वर्षं मस्कतला अँटेना बसवून परत आलेला माणूस. लोक विचारतात, डिश आणि मोबाईलच्या जमान्यात घरातला अँटेना कोण लावतो? लावतात हो. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, तो भाडेकरू लावतो. गच्ची ज्याच्या वाट्याला नाही, तो लावतो.

पूर्वी सिग्नल कमी पडला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, पण त्यातही माणूस ओळखू यायचा. डिजिटलला मधलं काही नाही. एक तर लख्ख चित्र, नाहीतर चौकोन चौकोन होऊन अंधार. नझीरभाई मात्र पडद्याकडे बघतच नाहीत. पाठ फिरवून, डोळे मिटून अँटेना सरकवतात. मी एकदा कारण विचारलं.

"चित्राकडे बघत बसलास तर हात थांबतो. कान दे. आवाज सलग झाला की चित्र आलंच समज."

दहा वर्षं झाली, मला अजून ते जमलेलं नाही.

*

खाडीकाठच्या एका गावातून हिराबाईंचा फोन आला. "तुमचा टीवी भरतीला चालतंय न् ओहोटीला बंद होतंय."

मी हसलो. नझीरभाई हसले नाहीत, त्यांनी पिशवी उचलली. पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि पडदा काळा होता. चहा झाला, गप्पा झाल्या. दुपारी पाणी बांधाला टेकलं आणि कुणी हात न लावता टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या! 

"सिग्नल पाण्यावर आपटून येतो. पाणी वरखाली झालं की त्याची वाट बदलते," नझीरभाई म्हणाले. त्यांनी अँटेना खिडकीतून माळ्यावर नेला. आता भरती असो की ओहोटी, चित्र कायम.

हिराबाई नाराज. "टीवी लागला का मासलीची जाली घेऊन निघायची मी. आता पानी बगाला बांधावर कोन जाईल?"

*

वडखळच्या एका हॉटेलात रोज संध्याकाळी टीव्ही बंद पडायचा. दिवसा ठणठणीत. नझीरभाई दारात उभे राहिले आणि मालकाला म्हणाले, "ती नवी लायटिंग बंद करा." दिव्यांची माळ विझली, चित्र आलं. स्वस्तातल्या माळा सिग्नल खराब करतात.

मालक विचारात पडला. "गिऱ्हाईक लायटिंग बघून थांबतं आणि टीव्ही बघून बसतं. आता काय बंद करू?"

*

पेणमध्येच एका गणपतीच्या कारखान्यात आषाढात टीव्ही गेला. अँटेना जागेवर, वायर ठीक. नझीरभाई डोळे मिटून फिरले, खिडकीपाशी थांबले आणि म्हणाले, "हे इथून हलवा." तिथं शाडूच्या पाच ओल्या मूर्ती वाळत ठेवल्या होत्या. ओली माती सिग्नल अडवते. मूर्ती सरकवल्या आणि क्रिकेट दिसू लागलं.

कारखानदारांनी मूर्तींकडे बघून हात जोडले. "विघ्नहर्त्यानंच आडवं यायचं ठरवलं तर तक्रार कुणाकडे करू?"

*

आता रोह्याचं सांगतो.

अनंतराव एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं जवळपास बंद, उजवा हात चादरीवर ठेवलेला तसाच. मुलगी प्राजक्ता कबड्डी खेळते. लहानपणी अनंतरावांनीच तिला अंगणात चढाई शिकवली. तिचा संघ अंतिम सामन्यात पोचला आणि सामना सरकारी चॅनेलवर दिसणार होता. नेमकं इमारतीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं, सगळ्यांच्या डिश उतरवलेल्या. मोबाईलवर चित्राऐवजी नुसतं चक्र गोल गोल फिरत राहायचं.

अनंतरावांच्या पत्नी शालनवहिनींनी फोनवर एवढंच विचारलं, "यांना पोरगी खेळताना दिसेल का हो?"

रोह्याला डोंगर आडवा. काही मिळणार नाही, हे मी वाटेतच सांगून टाकलं. नझीरभाईंनी फ्रिज, खिडकी, कपाट सगळं करून पाहिलं. मग जिथून सिग्नल येतो त्या मुंबईकडे पाठ करून अँटेनाचं तोंड डोंगराकडे केलं. "समोरून येत नसेल तर आपटून येईल." आवाज आला तो एकाच जागी. अनंतरावांच्या पलंगावर, उजव्या कुशीपासून हातभर उंच. आम्ही उशा रचून त्यावर अँटेना ठेवला.

टीव्हीची पिन ढिली होती. ती बोटानं दाबून नझीरभाई टीव्हीच्या मागे बसले. "सामना संपेपर्यंत मी हलणार नाय. तू अँटेनाजवळ थांब."

मी थांबलो. पण शेवटचं मिनिट आलं, प्राजक्ताचा संघ एका गुणानं मागे, आणि शेवटच्या चढाईला तीच निघाली. मी कधी पुढे सरकलो ते मलाच कळलं नाही. वहिनीही पलंगावरून उठून टीव्हीसमोर आल्या.

उशा घसरल्या. पडद्यावर चौकोन झाले, आवाज तुटला, अंधार.

"अँटेना पडला! उचला!" नझीरभाई मागून ओरडले. मी वळायच्या आत आवाज सलग झाला. चित्र आलं. प्राजक्ता रेषा ओलांडून आत शिरत होती.

वहिनींनी मागे वळून पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. मीही वळलो. खोलीत आम्ही चौघंच होतो. अनंतरावांची नजर पडद्यावर होती. त्यांचा उजवा हात वर होता आणि त्या हातात अँटेना होता.

टीव्हीच्या मागून नझीरभाईंना यातलं काहीच दिसत नव्हतं.

"हां, अस्सं," ते म्हणाले. "ज्यानं कोणी धरलाय, त्यानं हात हलवू नका."