चौथ्या प्रश्नाचं उत्तर

दादाचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या घरी शिकवणीच्या मुलांना अपूर्णांक समजावत होते. "जुई शाळेच्या जिन्यात पडली. तू नीघ," एवढंच तो म्हणाला. शीळफाट्याला गाडी पाऊण तास अडकली आणि तेवढ्या वेळात मी तिला मनातल्या मनात चांगलं झापून घेतलं. धावत सुटली असणार, दुसरं काय! घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलात पोहोचले तर वहिनी बाकावर बसली होती, मांडीवर जुईचे शाळेचे बूट. जुई गेली होती. माझी बारा वर्षांची भाची.

दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, "आजारी होतीच ना ती..." होती. नवव्या वर्षी तिच्या पापण्या जांभळट झाल्या, बोटांच्या पेरांवर लाल चट्टे आले आणि शाळेच्या बसची पायरी तिला चढवेना. नाटकं करते, असं सगळ्यात आधी मीच म्हटलं होतं. मग ठाण्यातल्या एका डॉक्टरबाईंनी निदान केलं, स्नायूंना सूज आणणारा आजार. आपलंच शरीर आपल्याच स्नायूंवर उलटतं म्हणे. औषधानं ती सावरली, पण गोळ्यांनी चेहरा असा सुजला की वर्गातली मुलं तिला 'टम्मपुरी' म्हणायला लागली. तेव्हापासून तिचा एकच धोशा, "आत्या, गोळ्या कधी कमी होणार?"

रक्ताचे रिपोर्ट सुधारले आणि स्नायूंची ताकद भरून आली की कमी होणार होत्या. ताकद मोजायची डॉक्टरांची एक परीक्षाच असे. उताणं झोपून मान उचलायची आणि दोन मिनिटं तशीच धरायची, हात वर ताणायचे, आधार न घेता जमिनीवरून उठायचं. प्रत्येकाला गुण. आता परीक्षा म्हटल्यावर सव्वीस वर्षं शिकवण्या घेणारी बाई गप्प बसेल होय? दर शनिवारी दादा तिला माझ्याकडे सोडायचा. मी सतरंजी अंथरायची, घड्याळ लावायची.

"किती झाले गं आत्या?"

"बोलू नकोस, मान पडेल."

मान तोलताना ती जीभ बाहेर काढायची आणि मला हसू फुटलं की तिलाही फुटायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या खेपेला तिला जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले, अर्धी गोळी कमी झाली. बाहेर पडल्या पडल्या तिनं दोन प्लेट शेवपुरी वसूल केली.

डॉक्टरबाईंनी मात्र बजावलं होतं. "हृदयसुद्धा स्नायूच आहे. हातापायांत जोर आला तरी ते आतून दुखावलेलं असू शकतं आणि सुरुवातीला बाहेरून काही कळत नाही. साधी तपासणी नॉर्मल आली म्हणून गाफील राहू नका. बारीक फरक टिपणारी सोनोग्राफी ठरल्या तारखांना करतच राहू. मधे काही जाणवलं तर त्याच दिवशी करायची." आणि घरी विचारायचे सहा प्रश्न त्यांनी सांगितले. धाप लागते का, चक्कर येते का, पाय सुजतात का, छातीत धडधडतं का, असे. मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतले. सवयच ती!

शेवटच्या भेटीला मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, "जुई, छातीत धडधडतं का गं कधी?" प्रश्न पुरा व्हायच्या आत ती म्हणाली, "नाही."

"खरं सांग हं, बाळा."

"नाही म्हटलं ना!"

पुढची तपासणी तीन आठवड्यांवर होती. ती हो म्हणाली असती तर त्याच दुपारी झाली असती. ती तारीख उजाडायच्या आधीच, शाळेच्या जिन्यात, तिच्या हृदयाचे ठोके बिघडले आणि ती कोसळली. दहाव्या दिवशी तिची मैत्रीण रडत सांगत होती, जुई प्रत्येक मजल्यावर छाती धरून बसायची आणि कुणाला सांगू नका म्हणायची. ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. कुणाशी कट्टी झाली तरी आधी मला सांगणारी ही पोरगी हेच तेवढं लपवते? माझ्यापासून? भरल्या घरात मी बोलून गेले, "लबाड होती कार्टी. फसवलं तिनं आपल्याला." दादा उठून आत गेला. मला त्याचं वाईटही वाटलं नाही. इतका राग होता.

गेल्या आठवड्यात शिकवणी पुन्हा सुरू करायची म्हणून कपाटातून सतरंजी काढली, तर घडीतून तो प्रश्नांचा कागद पडला. माझ्या हातचे प्रश्न आणि पुढे तिची पेन्सिलीतली उत्तरं. नाही, नाही, नाही. चौथ्या उत्तराखाली कागद खरवडलेला दिसला. खिडकीशी धरला. खोडलेला शब्द उजेडात वाचता आला... 'कधीकधी'.

आणि मला शेवटच्या भेटीआधीचा तो शनिवार आठवला. "कधीकधी म्हणजे काय गं?" मी विचारलं होतं. "जिना चढले की होतं. एकदा नुसती बसलेली, तेव्हापण झालं." मी म्हटलं, "जिन्यात सगळ्यांनाच धडधडतं. मला नाही होत? आणि असं मोघम उत्तर दिलंस तर गोळ्या वाढवतील." मुलांच्या वह्यांसाठी ठेवलेला खोडरबर घेऊन तो शब्द मीच खोडला.

"मग 'नाही' लिहू?" तिनं माझ्याकडे बघत विचारलं होतं.

"लिही."

तिनं लिहिलं, आणि डॉक्टरांपुढे घोकल्यासारखं म्हणूनही दाखवलं. माझी विद्यार्थिनी!

कागद पुन्हा सतरंजीच्या घडीत ठेवला आहे. दादाकडे दोनदा जाऊन आले, सांगायचं म्हणूनच गेले होते, चहा पिऊन परतले. आपल्या मुलीनं आपल्याला फसवलं, असंच तो अजून धरून बसलाय. रविवारी चहाबरोबर तो आधी पेपरची पुरवणी उघडतो, म्हणून हे तिथंच छापायला पाठवते आहे. दादा, जुईनं सांगितलं होतं रे. मला सांगितलं होतं.