मौद्याच्या पुढचं काचेचं होस्टेल

खरं तर मित्राकडून गाडी मागून आणली होती रामटेकला जायला. पण ताई म्हणाली, "पेट्रोल मी टाकते, पण आधी सलोनीच्या शाळेत चाल." मग रामटेक राहिलं.

ताई दवाखान्यात नर्स आहे. भाऊजींची नोकरी बाहेरगावी. ताईची नाईट लागली की तिची सहावीत जाणारी लेक सलोनी नागपूरला प्रताप नगरच्या घरात एकटी. म्हणून निवासी शाळा. मौद्याच्या पुढे एक मोठी शाळा आहे, तिथं सीट पक्की झाली होती. फक्त जायचं, पाहायचं आणि सही करायची.

बोलावलं होतं सकाळी. पण मला महाल भागात झणझणीत रश्शाचे तर्री-पोहे खायचे होते. तिथं तर्री दुसऱ्यांदा घेतली, मग एक जुना मित्र भेटला, मग संत्रा बर्फी. ताई गाडीत बसून शिव्या देत होती. "तुले घेऊन निघालं की कोणतंच काम येळेवर होत नाही गा." भंडारा रोड चांगला आहे, टोल लागतो, पण मे महिन्यात बिनएसीच्या गाडीनं जाऊ नका. ओला दुपट्टा डोक्याला बांधला तर पहिल्या सिग्नललाच तो वाळला. शाळेत पोचलो तेव्हा भर दुपार, दोन वाजून गेलेले. आता वाटतं, उशीर झाला ते बरंच झालं. सकाळी गेलो असतो तर काहीच दिसलं नसतं.

समोरून शाळा म्हणजे विमानतळच. पूर्ण काच. आत एसी, सरबत, भिंतीवर रंगीत फुलपाखरं. मीच म्हणालो, "काय भारी आहे बे." प्रिन्सिपल सर हसतमुख माणूस, कॅम्पसचं मॉडेल दाखवत होते. ताईनं पेन उघडला आणि पाहते तर सलोनी जागेवर नाही.

बाहेर पळालो. खेळाच्या मैदानात लोखंडी घसरगुंडी होती, तिला चुकून हात लागला आणि बोटं पोळली. एक झाड नाही. होस्टेलच्या इमारतीत शिरलो तर जिन्याखालून हसण्याचा आवाज. वाकून पाहिलं. सुट्टीच्या जादा वर्गाला थांबलेल्या मुली तिथं दाटीनं बसलेल्या, अंगाखाली चादरी, मध्ये आमची सलोनी.

"इथं काहून बसल्या वं?" ताईनं विचारलं.

"इथं थंड राहते ना, काकू. वर भट्टी आहे." तुमसरची, दोन वेण्या घातलेली एक मुलगी बोलली.

"कूलर नाही का?"

"आहे ना. त्यानं तं अजून चिपचिप होते." मग ती सलोनीकडे वळली, जुनी माणसं नव्या सुनेला सांगतात तशी. "तू खालची खाट घेजो. वरची छताले लागून आहे. अन् चादर ओली करून झोपजो. मॅडमले नको सांगू, गादी खराब होते म्हणतात."

सगळ्या खिदळल्या. मीही हसलो. मग वर गेलो.

नागपूरच्या कोणत्याही घरात कूलर लावला की समोरची खिडकी उघडतात. ओली हवा आत आली तर बाहेर जायला वाट पाहिजे, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत असतं. इथं काचेत भोक पाडून कूलर बसवला होता आणि बाकी काच पक्की. कडीच नाही. पश्चिमेचं ऊन थेट खाटांवर. भिंतीला हात लावला तर ओली. गादीला कुबट वास. काचेतून दूर मौद्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या, आणि मला श्वास घेता येईना.

खाली आलो तर ताई पायरीवर बसली होती. तिनं तुमसरच्या मुलीच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, अंगात पाणी कमी असलं की राहते तशी.

"बेटा, लघवीले किती वेळा जातेस?"

"सकाळी. मग रात्री."

"पाणी नाही पीत?"

"थोडंसंच. जास्त पेलं की जा लागते ना. तिकडं जाताना पाय भाजतात."

तिकडं म्हणजे सिमेंटच्या अंगणापलीकडे. इमारतीत वास नको म्हणून संडास दूर बांधलेले.

ताई उठली आणि तडक सरांच्या ऑफिसकडे निघाली.

सरांना सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत, हेच मला पचलं नाही. "मॅडम, डिझाइन एसीचं होतं. एसी पुढच्या टप्प्यात."

"अन् ते काय आहे?" ताईनं काचेबाहेर बोट दाखवलं. कुंपणाजवळ कवेलूच्या छपराची लांब बैठी इमारत, रुंद व्हरांडा, समोर दोन कडुनिंब. दाराला कुलूप.

"जुनं होस्टेल. मोडके बेंच ठेवलेत. पाडायचं आहे, पालकांना बरं दिसत नाही."

"आज ते कुलूप उघडा. मुली तिथं झोपू द्या. मी आत्ता सही करते."

सर म्हणाले, "ट्रस्टींना विचारावं लागेल. आणि एक सांगू? तुम्ही पहिल्या पालक आहात होस्टेलपर्यंत गेलेल्या. बाकी सगळे इथंच एसीत बसून फॉर्म भरतात."

ताईनं पेनाचं टोपण लावलं.

निघताना तुमसरची मुलगी गाडीपर्यंत आली. "खालची खाट धरून ठेवू का?" सलोनी चपलेकडे पाहत राहिली. ताईनं त्या मुलीच्या आईचा नंबर घेतला, पोरीला तोंडपाठ होता. रस्त्यातूनच फोन लावला. पलीकडून आई म्हणाली, "पण पोरगी तं म्हणते सगळं मस्त आहे."

"पाणी किती पेते ते विचारा ताई," आमची ताई म्हणाली. "अन् एकदा दुपारी जाऊन पाहा."

तुम्ही कुणासाठी शाळा पाहायला जाणार असाल तर मे महिन्यात जा, भर दुपारी. पोराच्या खाटेवर निजून पाहा. खिडकी उघडून पाहा. संडासापर्यंत अनवाणी चाला. सरबत नंतर.

रामटेक अजून राहिलंच आहे. ताईची नाईट असली की मी आता प्रताप नगरात मुक्कामाला असतो. दुसरा उपाय सापडेपर्यंत हेच ठरलं आहे. ताई संध्याकाळी डबा घेऊन निघते, मी कूलरमध्ये पाणी भरतो, सलोनी समोरची खिडकी उघडते. परवा ती उघडता उघडता थांबली.

"मामा, ते खालची खाट कोणाले दिली असंन?"

मी म्हटलं, माहीत नाही. तिनं खिडकी पूर्ण उघडली.