पिठवणीचं आवतण

"आवतण देऊन आलो. उद्या पाहू." वैद्यबुवा असं म्हणाले, की यंदाही काढ्याची पुडी अपुरीच मिळणार, हे आमच्या राजपुऱ्यात सगळ्यांना कळायचं.

बाळंतिणीच्या दशमुळाच्या काढ्याला दहा मुळं लागतात. बुवांच्या पुडीत नऊच असत. दहावं पिठवणीचं. बाजारात त्या नावाने भलतंच मूळ खपवतात म्हणून ते घेत नसत, आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत, "एक कमी आहे." असा दुकानदार तुम्ही पाहिलाय? मी तरी दुसरा पाहिला नाही.

खरी पिठवण धूलकोटकडे एका बांधावर उरली होती, एकुलती एक. बाकीची मुळासाठी खणून खणून संपली. उन्हाळ्यात ती वरून वाळते, मूळ शाबूत असलं की पावसात पुन्हा फुटते. पानावर मधोमध पांढरट पट्टा, श्रावणात जांभळट फुलांचा तुरा.

रीत अशी, की आदल्या संध्याकाळी हळदकुंकू, अक्षता वाहून झाडाला आवतण द्यायचं आणि सकाळी मूळ काढायचं. आवतण दिलेल्या झाडाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बुवा दर वर्षी माझ्या स्कूटरवर बसून आवतण द्यायला येत. सकाळी मात्र नेमके त्यांचे गुडघे दुखत.

मग त्यांची लेक बाळंतपणाला आली. बाळंतपण जड गेलं, पोरीच्या अंगात त्राण उरलं नाही. काकू, म्हणजे बुवांच्या पत्नी, म्हणाल्या, "आता तरी आणा जी. आपलीच पोरगी आहे."

त्या सकाळी गुडघे दुखले नाहीत. बुवा खुरपं घेऊन झाडापाशी बसले, बराच वेळ. मग खुरपं पिशवीत टाकलं. डोळे भरले होते.

"पोरीचं नऊत भागेल," ते म्हणाले. "हिचं मूळ गेलं तर हिचं कशात भागणार?"

लेक हळूहळू सावरली. काकू मात्र कित्येक महिने त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. मलाही बुवांचा राग आला होता. आजही थोडा येतो.

माघात बुवा गेले. श्रावण लागला तसा माझा जीव त्या बांधात अडकला. एका संध्याकाळी निघालो, तर काकू दारात हळदकुंकवाची पिशवी घेऊन उभ्या. स्कूटरवर मागे बसल्या.

शेतकरी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन बांधावर थांबला होता. आजूबाजूचं गवत तणनाशकाने पिवळं पडलेलं, मधे तुरा उभा. "बाबा तर नाही राहिले," तो काकूंना म्हणाला. "मग काढून नेता का बाई, का मारू दवा?"

काकू खाली बसल्या. कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, पदराने डोळे पुसले.

"आवतण दिलं," त्या म्हणाल्या. "उद्या पाहू."

शेतकरी पंप घेऊन पुढच्या बांधाकडे गेला.