पेशी की पाणी

दिंडोशीच्या न्यायालयाबाहेर माझ्या अर्जलेखनाच्या टेबलाशी रांग लागली, की एक मालवणी काका हटकून मागे सरत. "तुमचा होवंदेत आधी. माका घाई नाय." वाचकहो, आरेच्या रस्त्यांवर बस चालवून निवृत्त झालेला मनुष्य आपणहून मागे सरतो, ही बाब माझ्यासारख्या जाणकारास संशयास्पद वाटणारच.

एके दुपारी बाकडे रिकामे झाले, तेव्हा ते बोलले. झटक्याने त्यांचे हृदय दुबळे झाले होते. एका रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी होती. कमरेच्या हाडातला मगज काढायचा आणि त्यातल्या मूळपेशी नळीवाटे हृदयात सोडायच्या. मात्र काहींना पेशी, काहींना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचे आणि रुग्णासही कळू द्यायचे नाही.

"थंय रांगेत माझ्या आधी एक वेल्डर होतो. पोरीक बघूक पावणे येवचे होते, म्हणान मी म्हटलंय, माका पुढे जावंदे. तो हसलो. म्हणालो, 'जा ना काका, नायतर घरी वाट लागेल तुमची!'"

तो वेल्डर काही महिन्यांत गेला. हे मात्र जिने चढू लागले.

"माका काय दिल्यानी, ता विचारा. पाणी गावला असात, तर मी सुटलंय."

"अहो, पेशी तुमच्याच हाडातल्या. त्या त्याच्या कशा होतील?" मी मुद्दा काढला.

"पेशी माझ्योच. पण चिठ्ठी? नंबर त्याचो होतो."

मी 'सदर अर्जदार नम्रतापूर्वक' असा आरंभ करून भारदस्त अर्ज बांधला. चाचणी संपली होती. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांस बोलावले.

"काका, तुम्हाला पेशी मिळाल्या. दुसऱ्यांचं मी सांगू शकत नाही. पण रांगेचा काही संबंध नाही हो. नावांची सोडत आदल्या दिवशीच झाली होती. आणि पेशींनीच तुम्ही बरे झालात, असंही अजून ठामपणे म्हणता येत नाही."

"निर्दोष सुटलात!" बाहेर येताच मी जाहीर केले.

"म्हणजे माकाच गावल्यो," एवढेच ते म्हणाले.

माझ्या अर्जाने त्यांची पाण्याची आशा तेवढी संपवली. हे मला अद्याप टोचते.

तसेच ते मला वेल्डरच्या घरी घेऊन गेले. लिफ्ट बंद होती. खांद्यावर तांदळाची पिशवी घेऊन ते सरसर वर; मी कठडा धरून मागे. "काय साहेब, दमलात?" त्यांनी वरून टोमणा मारला.

दाराशी मात्र त्यांनी पिशवी ठेवली, कॉलर सैल केली, गुडघ्यांवर हात टेकले आणि मोठमोठ्याने धापा टाकू लागले. मग बेल दाबली.

वेल्डरच्या बायकोने घाईने खुर्ची ओढली. "भाऊ, कशाला ओझं उचलता? म्हणजे तुम्हाला पण गुण नाहीच आला."

"नाय गो," छातीवर हात दाबून ते म्हणाले, "नाय इलो."

त्यांच्यामागे उभा राहून मी माझी खरी धाप ओठ मिटून गिळत होतो.