पंपातलं पाणी, सोलरचं पाणी

पाचगणीजवळ आमच्या शेताच्या खालच्या अंगाला माझा स्ट्रॉबेरीचा पल्प काढायचा कारखाना आहे. कारखाना आपला म्हणायचा. एक पत्र्याची शेड, फळं धुवायचं यंत्र आणि त्याचा पंप. पंपात पाणी राहून त्याचा बर्फ झाला तर पंप तडकेल, असं यंत्र देणाऱ्यानं बजावलं होतं. मग पहिल्या हिवाळ्यात मी काय करावं? पंपाला दोन गोधड्या गुंडाळल्या आणि वरून सुतळी आवळली.

सासरे ते बघून पोट धरून हसले. त्यांची निम्मी नोकरी फौजेत, बर्फाच्या मुलखात गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. "आगं, गोधडीत ऊब आपल्या अंगाची आसती. लोखंडाच्या अंगात कुठली ऊब? पोटातलं पाणी सोड त्याच्या, आन बूच उघडंच ठेव." मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून थंडीत रोज संध्याकाळी मी बूच काढते.

गेल्या हिवाळ्यात एकदा बरण्या आणायला साताऱ्याला गेले आणि येताना घाटात एसटी बंद पडली. नवरा पुण्याला. शेडमध्ये दुसऱ्या दिवशी धुवायची फळं क्रेट भरभरून ठेवलेली, आणि गारठा असा की बोटं वळत नव्हती. पंप तडकला तर सगळा माल डोळ्यांदेखत नासणार होता. सासऱ्यांना फोन लावला. "मामा, पंपाचं पाणी तेवढं..."

"व्हय, निघालो. ठेव."

सकाळी पोचून बघते तर स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर. तशीच शेडकडे धावले. बूच उघडं, पंप कोरडा. कामाच्या बायका आल्या, पाणी भरलं, बटण दाबलं आणि पंप सुरू झाला. इतकं बरं वाटलं की सगळ्यांना दोनदा चहा पाजला.

घरी आले तर गच्चीवरून पाणी गळत होतं. सोलरच्या काचेखालची तांब्याची नळी उभी फुटलेली. हा सोलर म्हणजे मामांचा जीव की प्राण. त्याच्या कढत पाण्यानं तासभर अंघोळ केल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. कडाक्याच्या थंडीत शिडीवर चढून त्याचं पाणी तेच सोडत.

"मामा, सोलर विसरलात?"

"इसरतोय कशाला? तुझा फोन आला तवाच ठावं हुतं, एक तर खाली उतरायचं, न्हाई तर वर चढायचं. गुडघं दोनीकडं न्हेत न्हाईत आता." मग म्हणाले, "आंघोळीचं काय, चुलीवर बी हुतंय."

मी चूल पेटवली. पाणी चांगलं खळखळ उकळलं तेव्हा न्हाणीत नेऊन ठेवलं. थोड्या वेळानं आतून हाक आली, "लय कडक हाय गं, इसण आण!"

मी आधी डोळे पुसले, मग गार पाण्याचा तांब्या घेऊन गेले.